लाइट

लाइट : मूळचा इंग्रजी, परंतु मराठीच्या बहुतेक सर्व बोलींत रुळलेला शब्द. इंग्रजीत तो एकच भासतो. वस्तुतः त्याच्या एका रूपात दोन स्वतंत्र शब्द मिसळून गेले आहेत. त्यांपैकी एकाचा अर्थ ‘प्रकाश’ व दुसऱ्याचा ‘वजनाने हलका’ असा आहे. मराठीने हे दोन्ही शब्द निरनिराळ्या मार्गांनी स्वीकारले. पहिल्याला मराठीत ‘विजेचा दिवा’ व त्यापुढे ‘वीजपुरवठा’ असा अर्थ प्राप्त झाला. हा वीजपुरवठ्याचा अर्थ प्रमाण इंग्रजीत नाही. उसना घेतलेला शब्द मूळ भाषेतील आपले सर्व अर्थ बरोबर आणत नाही. येतो तो एखाद्या विशिष्ट वस्तूच्या वा संस्थेच्या निमित्ताने आणि पुढे नव्या भाषेतील शेजारच्या शब्दांच्या चालीने चालू लागतो. ‘लाइट’ हे या प्रक्रियेचे ठळक उदाहरण होय.

व्युत्पत्ती : ‘प्रकाश’ या अर्थाचा इंग्रजी शब्द ज्या इंडो-यूरोपीय धातूपासून निघाला, त्याच धातूशी लॅटिनमधील प्रकाशवाचक ‘लुक्स’ व संस्कृतातील ‘रुच्’ (प्रकाशणे, शोभणे) यांचे नाते आहे. मराठीतील ‘रुची’ व ‘रुचणे’ हे शब्द याच ‘रुच्’पासून आलेले आहेत. ‘हलका’ या अर्थाचा इंग्रजी शब्द लॅटिन ‘लेव्हिस’ व संस्कृत ‘लघु’ यांचा सगोत्र आहे. ‘लघु’चे प्राकृतात ‘लहु’ झाले आणि वर्णविपर्यासाने, म्हणजे वर्णांच्या अदलाबदलीने, त्यातूनच ‘हलका’ व ‘हळू’ हे शब्द सिद्ध झाले, असे मानले जाते. तात्पर्य, ‘लाइट’ शब्दाच्या दोन्ही घराण्यांचे दूरचे नातलग मराठीत फार पूर्वीपासून नांदत आहेत. जर्मन भाषेत हे दोन शब्द आजही वेगळे आहेत. ‘लिश्ट’ म्हणजे प्रकाश व ‘लाइश्ट’ म्हणजे हलका. इंग्रजीत मात्र ध्वनिपरिवर्तनामुळे दोहोंचे उच्चार व लेखन एकच झाले.

एका शब्दाच्या मूळ अर्थातून अनेक अर्थ फुटतात, तेव्हा त्यास अनेकार्थता म्हणतात. भिन्न मुळांचे शब्द योगायोगाने एकरूप होतात, तेव्हा त्यास समरूपता म्हणतात. ‘लाइट’च्या बाबतीत दोन्ही प्रकार एकत्र आढळतात. ‘प्रकाश’ या अर्थातून दिवा, दिवा पेटविणे, उजळ किंवा फिका रंग, ज्ञान व दृष्टिकोन असे अर्थ निघाले. ‘हलका’ या अर्थातून सोपे, सौम्य, चपळ, अगंभीर आणि अल्प असे अर्थ निघाले. घोड्यावरून वा वाहनातून खाली उतरणे या अर्थाचे इंग्रजी क्रियापदही दुसऱ्याच घराण्यातील असून वाहनाचा भार हलका करणे ही त्यामागील कल्पना होय. जनावरांच्या फुप्फुसांनाही इंग्रजीत हेच नाव आहे. कारण इतर मांसाच्या मानाने ती वजनाने हलकी असतात.

मराठीतील प्रवेश : ‘हलका’ या अर्थाचा शब्द मराठी मुलखात संस्थांच्या नावांतून आला. यांपैकी सर्वपरिचित नाव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्री. १७६८ मध्ये मुंबईत उभारलेल्या पलटणीपासून या रेजिमेंटची परंपरा सुरू होते व तिचे केंद्र बेळगाव येथे आहे. हलकी शस्त्रे व सामग्री घेऊन जलद हालचाली करणारे पायदळ, असा येथे ‘लाइट’चा अर्थ आहे. मराठी समाजात हे नाव घरोघरी पोहोचले, तरी त्यातील विशेषण सुटे होऊन बोलीत आले नाही.

दुसरे नाव मराठवाड्याच्या इतिहासाशी निगडित आहे. बार्शी लाइट रेल्वे ही कंपनी १८९५ मध्ये लंडन येथे नोंदविण्यात आली. एव्हरर्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने तिची आखणी केली. दोन फूट सहा इंच (७६२ मिमी.) रुंदीच्या या अरुंदमापी मार्गाचा बार्शी रोड (कुर्डुवाडी) ते बार्शी हा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला. मार्ग १९०६ मध्ये पंढरपूरपर्यंत, १९११ मध्ये तत्कालीन निजाम राज्यातील लातूरपर्यंत आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत वाढविण्यात आला. त्याची एकूण लांबी सु. ३२५ किमी. झाली. कंपनीच्या नावातील ‘लाइट’चा दिव्यांशी काहीही संबंध नव्हता. गाडीच्या प्रत्येक आसावरील भार पाच टनांपर्यंत मर्यादित ठेवल्यास हलके रूळ, हलके पूल व कमी खर्चाचा मार्ग यांवर भागते, हे कॅलथ्रॉपचे सूत्र त्या शब्दात सामावलेले होते. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने हा मार्ग खरेदी केला. पुढे त्याचे टप्प्याटप्प्याने रुंदमापीकरण झाले व २००८ मध्ये लातूर ते कुर्डुवाडी रुंदमापी मार्ग पूर्ण झाला. प्रवाशांच्या तोंडी मात्र ‘बार्शी लाइट’ हे विशेषनाम टिकून राहिले. एप्रिल २०१६ मध्ये तीव्र पाणीटंचाईच्या काळात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणण्यात आले. भार हलका ठेवण्यासाठी ज्या दिशेचा मार्ग एके काळी बांधला गेला, त्याच दिशेने पाण्याच्या टाक्यांची अवजड गाडी लातूरला पोहोचली.

‘प्रकाश’ या अर्थाचा शब्द विजेच्या दिव्याबरोबर आला. तेलाच्या व वायूच्या दिव्यांना मराठीत दिवा, समई, पणती, चिमणी, कंदील, बत्ती अशी नावे होतीच. नव्या दिव्याला तेल नव्हते, वात नव्हती आणि तो कळ दाबताच लागत असे. या वेगळेपणामुळे त्याला वेगळे नाव मिळाले. वीज कंपन्यांचा आरंभीचा व्यवसाय मुख्यतः रस्ते, कचेऱ्या व घरे यांतील दिव्यांचा होता. दरपत्रकांतही दिवे व पंखे यांसाठी एक आणि यंत्रांसाठी दुसरा असे वर्ग केले जात. सामान्य ग्राहकाला वीज प्रथम दिव्याच्याच रूपाने भेटली. म्हणून दिव्याचे नाव दिवा पेटविणाऱ्या शक्तीला लागले. साहित्यशास्त्राच्या परिभाषेत ही लक्षणा होय. दीर्घकाळच्या वापराने ती रूढ झाली व आज बोलणाऱ्याला तिची जाणीवही होत नाही. घरातील एकही दिवा चालू नसताना, भर दुपारी पंखा थांबला तरी ‘लाइट गेली’ असेच म्हटले जाते.

व्याकरण : उसना शब्द भाषेत कितपत मुरला, हे त्याच्या व्याकरणावरून ठरते. इंग्रजी नामांना मराठीसारखे लिंग नसते. मराठीत आल्यावर ते द्यावे लागते. वीजपुरवठा या अर्थी ‘लाइट’ मराठवाड्यात स्त्रीलिंगी आहे : लाइट आली, लाइट गेली. ‘वीज’ हा शब्द स्त्रीलिंगी असल्याचा हा प्रभाव असावा. पुण्या-मुंबईकडे ‘दिवे गेले’ या प्रयोगाच्या धर्तीवर ‘लाइट गेले’ असे अनेकवचनही ऐकू येते. ग्रामीण बोलीत शब्दाचे सामान्यरूप ‘भिंत–भिंतीचा’ या नमुन्याप्रमाणे चालते : लाइटीचा खांब, लाइटीचे बिल, लाइटीच्या उजेडात. ‘लग्नात लाइटी लावल्या’ असे स्त्रीलिंगी अनेकवचनही आढळते.

क्रियापदांची निवड अधिक बोलकी आहे. दिवा या अर्थी लाइट ‘लावतात’ किंवा ‘बंद करतात’. पुरवठा या अर्थी ती ‘येते’, ‘जाते’, ‘सोडली जाते’, ‘तोडली जाते’, ‘खेचली जाते’ आणि कधी ‘कमी दाबाने येते’. यांतील बहुतेक क्रियापदे पाण्याची आहेत. नळाचे पाणी येते व जाते, कालव्याचे पाणी सोडतात, पाट तोडतात. दुरून, दुसऱ्याच्या हुकमाने व ठराविक वेळी येणाऱ्या वस्तूविषयी बोलण्याची रीत मराठीजवळ पाण्याच्या निमित्ताने तयार होती. लाइटने ती उचलली. शब्द इंग्रजी असला, तरी त्याला लिंग विजेने दिले व क्रियापदे दिव्याने आणि पाण्याने दिली, असे म्हणता येईल.

वीज व लाइट : ‘वीज’ हा सोपा व जुना मराठी शब्द उपलब्ध असताना ‘लाइट’ का रुळला, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे एक उत्तर ‘वीज’ शब्दाच्या अनेकार्थतेत आहे. संस्कृत ‘विद्युत्’पासून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ आकाशातील वीज असा आहे, तारांतील वीज हा अर्थ विस्ताराने आला. ‘वीज आली’ या उद्गाराने दोन्ही गोष्टी सूचित होऊ शकतात. बोलीने ही अडचण कामाची वाटणी करून सोडविली. आकाशात चमकते ती वीज व तारेतून येते ती लाइट. तारेचा धक्का बसला, तर ‘लाइटचा शॉक बसला’ किंवा ‘करंट लागला’ असे म्हणतात. ‘वीज पडली’ हे शब्द आकाशातील विजेसाठी राखलेले असतात.

ही वाटणी केवळ भाषिक सोयीची नाही. मराठवाड्यात मॉन्सूनपूर्व व परतीच्या पावसात वीज पडून माणसे व जनावरे दगावतात. अशी हानी राज्यात नैसर्गिक आपत्तीत धरली जाते व तिच्याबाबतची मदत महसूल यंत्रणेमार्फत दिली जाते. तुटलेल्या तारेने किंवा सदोष जोडणीने मृत्यू झाल्यास तो विद्युत् अपघात ठरतो. अशा अपघाताची सूचना देणे व विद्युत् निरीक्षकामार्फत चौकशी होणे यांची तरतूद विद्युत् अधिनियम, २००३ च्या कलम १६१ मध्ये आहे. पंचनाम्यात नुसते ‘विजेमुळे मृत्यू’ असे लिहिले गेले, तर दोन्ही अर्थ संभवतात. कार्यालयीन लेखनात म्हणूनच ‘वीज पडून’ व ‘विजेच्या धक्क्याने’ असा स्पष्ट भेद करावा लागतो. साक्षीदाराच्या तोंडच्या ‘लाइटनं मेला’ या वाक्यात तो भेद आधीच झालेला असतो.

मराठवाड्यातील वापर : लातूर–नांदेड मार्गावरील चाकूर व त्याच्या आसपासचा भाग प्रामुख्याने पावसावर अवलंबून असून सोयाबीन व तूर ही तेथील महत्त्वाची पिके आहेत. बागायत असेल तेथे ती मुख्यतः विहिरी व विंधनविहिरी, म्हणजे बोलीतील ‘बोअर’, यांच्या पाण्यावर होते. हे पाणी विद्युत् पंपाशिवाय वर येत नाही. पंपाला बहुधा तीन प्रावस्थांचा पुरवठा लागतो, तर घरातील दिव्याला एक प्रावस्था पुरते. यातून ‘थ्री फेज लाइट’ व ‘सिंगल फेज लाइट’ हे शब्दप्रयोग निर्माण झाले. गावात दिवे लागलेले असताना ‘शेतात लाइट नाही’ असे विधान ऐकू येते व ते पूर्णतः सुसंगत असते. येथे लाइट म्हणजे उजेड नव्हे, तर मोटार चालविण्याजोगा पुरवठा होय. वितरण रोहित्राला ‘डीपी’, तारांची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याला ‘लाइनमन’ व अनधिकृत जोडणीला ‘आकडा’ म्हणतात. पुरवठ्यालाच ‘लाइन’ म्हणण्याचा प्रघातही काही भागांत आहे.

महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाची स्थापना १९६० मध्ये झाली. २००५ मध्ये त्याची पुनर्रचना होऊन निर्मिती, पारेषण व वितरण यांसाठी स्वतंत्र कंपन्या अस्तित्वात आल्या. मागणीच्या मानाने पुरवठा अपुरा पडू लागल्यावर पाळीपाळीने तो बंद ठेवण्याची पद्धत आली. तिला शासनव्यवहारात व वृत्तपत्रांत ‘भारनियमन’ असे नाव मिळाले. बोलीत ‘लोडशेडिंग’ हाच शब्द राहिला. कृषिपंपांसाठी दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास असा आळीपाळीचा पुरवठा दीर्घकाळ चालू राहिला. ‘या आठवड्यात लाइट रात्रीची आहे’ या वाक्याचा अर्थ रात्री दिवे लागतील, असा होत नाही. शेतकऱ्याला रात्री पिकात उभे राहून पाणी द्यावे लागेल व साप-विंचवाचा धोका पत्करावा लागेल, असा तो होतो. दिवसा पुरवठा मिळावा यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली व २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा हाती घेण्यात आला.

या प्रदेशात पाणी व लाइट यांचे अवलंबन दुहेरी आहे. बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ येथील औष्णिक विद्युत् केंद्र फेब्रुवारी २०१३ मध्ये पाणीटंचाईमुळे बंद ठेवावे लागले. लाइटवाचून विहिरीतील पाणी वर येत नाही व पाण्यावाचून केंद्रात लाइट तयार होत नाही. दोहोंसाठी एकच क्रियापदे वापरणाऱ्या बोलीत या परिस्थितीचे प्रतिबिंब दिसते.

इतर उपयोग : कापड दुकानांत व रंगकामात ‘लाइट’ म्हणजे फिका व ‘डार्क’ म्हणजे गडद, हा अर्थ ‘प्रकाश’ घराण्यातील आहे. ‘लाइट नाश्ता’ व ‘लाइटली घेणे’ (मनाला लावून न घेणे) हे प्रयोग ‘हलका’ घराण्यातील असून ते मुख्यतः शहरी बोलीत आढळतात. जोडशब्दांत लाइटबिल, लाइटफिटिंग, हेडलाइट व ट्यूबलाइट हे सर्वत्र चालतात. जुनी नळीदिवी कळ दाबल्यावर क्षणभर लुकलुकून मग पेटत असे; यावरून उशिरा समजणाऱ्या व्यक्तीला ‘ट्यूबलाइट’ म्हणण्याची चाल पडली. एलईडी दिवे तत्काळ लागतात व जुन्या नळ्या झपाट्याने मागे पडल्या आहेत. तरीही हा लाक्षणिक अर्थ टिकून आहे. वस्तू गेली तरी तिच्यावरून पडलेला अर्थ उरतो, असा अनुभव भाषेत वारंवार येतो.

काही क्षेत्रांत मूळ इंग्रजी शब्द न घेता मराठी प्रतिशब्द रूढ झाले. दीपगृह, प्रकाशवर्ष, प्रकाशयोजना (रंगभूमीवरील) हे ‘प्रकाश’ घराण्याचे, तर आकाशवाणीमुळे प्रचलित झालेला ‘सुगम संगीत’ हा ‘हलका’ घराण्याचा प्रतिशब्द होय. येथे ‘हलके’ असे भाषांतर केले असते, तर त्यात हीनतेची छटा आली असती. कारण मराठीत ‘हलका’ या शब्दाला ‘कमी प्रतीचा’ असाही अर्थ आहे. ‘नव्या पुराव्याच्या प्रकाशात’ आणि ‘विषयावर प्रकाश टाकणे’ हे प्रयोग इंग्रजीच्या वळणाने आलेले आहेत. हलके लढाऊ विमान म्हणून भारतात विकसित झालेल्या विमानाचे २००३ मध्ये ‘तेजस’ असे नामकरण झाले. इंग्रजी वर्णनातील ‘लाइट’ भारवाचक व भारतीय नाव प्रकाशवाचक, असा योग येथे जुळून आला.

‘लाइट’ने ‘दिवा’ व ‘उजेड’ या शब्दांना पूर्णपणे हटविलेले नाही. देवापुढे दिवा लावतात, लाइट नव्हे. दिवा ‘विझला’ म्हणणे अशुभ समजून ‘मालवला’ किंवा ‘शांत झाला’ असे म्हणण्याची प्रथा आहे; लाइटच्या बाबतीत असा संकेत नाही, ती निःसंकोच ‘बंद’ करतात. ‘दिवे लावणे’ व ‘उजेड पाडणे’ या उपरोधिक वाक्प्रचारांतही लाइटला प्रवेश नाही. ‘लाल दिवा’ हे मंत्रिपदाचे प्रतीक होते. मोटारींवरील असे दिवे १ मे २०१७ पासून बंद झाले, परंतु वाक्प्रचार चालू आहे. थोडक्यात, श्रद्धा, संकेत व उपरोध यांचे क्षेत्र जुन्या शब्दांकडे राहिले आणि तारा, खांब, बिल व पुरवठा यांचे क्षेत्र नव्या शब्दाकडे गेले.

अर्थनिश्चिती : एवढे अर्थ असूनही व्यवहारात घोटाळा क्वचितच होतो. अनेकार्थी शब्दाचा नेमका अर्थ कसा ठरतो, याचा विचार भारतीय परंपरेत सूक्ष्मपणे झालेला आहे. भर्तृहरीने वाक्यपदीय या ग्रंथात साहचर्य, विरोध, प्रकरण, देश, काल, लिंग इत्यादी अर्थनिर्णायक घटकांची गणना केली आहे. ‘सैंधव’ म्हणजे मीठ व घोडाही. जेवताना सैंधव मागितल्यास मीठ आणावे व प्रवासाला निघताना मागितल्यास घोडा, हे त्याचे परंपरागत उदाहरण होय. ‘लाइट’लाही हीच कसोटी लागते. कापडाच्या दुकानात ‘लाइट दाखवा’ म्हणजे फिका रंग. विहिरीवर ‘लाइट बघ’ म्हणजे पुरवठा आला की नाही ते पाहा. काळोख्या खोलीत ‘लाइट लाव’ म्हणजे दिवा.

कोशरचनेच्या दृष्टीने या शब्दाची नोंद ‘प्रकाश, दिवा’ एवढ्यावर थांबविणे अपुरे ठरते. समरूप शब्द दोन स्वतंत्र नोंदींत देणे, वीजपुरवठा हा मराठीत घडलेला अर्थ पहिल्या नोंदीत ठळकपणे दाखविणे, तसेच प्रदेशपरत्वे लिंग, सामान्यरूप व क्रियापदे नोंदविणे आवश्यक आहे. अर्थ इंग्रजी कोशातून उतरवून घेतला, तर चाकूरच्या शिवारात तो शब्द ज्या अर्थाने दिवसातून अनेकदा उच्चारला जातो, नेमका तोच कोशातून गळेल.